आतल्या खोलीतला चहा

आमच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला येणाऱ्या मुलींना मी स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचे. मुलांना नाही. मुलं बाहेरच्या बाकावर बसून यंत्रातला पाणचट चहा प्यायची. मुलींना मी आतल्या लहान खोलीत न्यायचे. तिथे आमचे डबे असतात, एक गॅसची शेगडी आहे आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी आलं ठेचायचे, दूध जास्त घालायचे, बिस्किटांचा पुडा उघडायचे. माझ्या हातचा तो चहा आवडला नाही असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही. त्या चहाबद्दल लिहायला मला इतके दिवस लागले.

प्रयोगशाळा नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारामागे, एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. पाणी, दूध, तेल, तिखट यांचे नमुने आमच्याकडे तपासायला येतात. मालकांना आम्ही सगळे सर म्हणतो. मी इथे आले तेव्हा खालच्या मजल्यावर फक्त एक गोदाम होतं आणि वर आम्ही चौघं. आज मी पाण्याच्या विभागाची प्रमुख आहे. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी त्या पाटीवरून हात फिरवला होता.

बाबा नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती मोटारसायकलवर बांधून आमच्या ओसरीवर आणून टाकतात, आणि बाबा तांब्याची तार नव्याने गुंडाळून देतात. त्यांच्या हातांना कायम वार्निशचा वास येतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा आईने शेजारणीला विचारलं होतं, "आता ईले डॉक्टर म्हणाचं का?"

मुलाखतीला बाबा माझ्यासोबत आले होते, पिशवीभर मोसंबी घेऊन. सरांनी मला क्षारतेबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. मग ते बाबांकडे वळले.

"लग्नाचं काय ठरवलंय हिच्या?"

"दोन-तीन वर्षं तं नाही जी," बाबा म्हणाले. "शिकाचं म्हणे, शिकवलं. आता नोकरी करतो म्हणते. करू द्या."

सर हसले. "मग ठीक आहे."

परत जाताना एस.टी.त बाबा म्हणाले, "देवमाणूस आहे गा. याचं मीठ इसरू नको." आनंदात असले की बाबा मलाही मुलासारखं 'गा' म्हणतात. मी ते मीठ विसरले नाही. पुढे जे झालं ते या न विसरण्यातूनच झालं, असं मला वाटतं.

सरांनी मला पुष्कळ दिलं. माझं इंग्रजी कच्चं होतं. अहवालातलं एकेक वाक्य ते लाल पेनाने सुधारून द्यायचे, न चिडता. माझा मुलगा झाला तेव्हा त्यांनी मला सहा महिन्यांची पगारी रजा दिली. रजेवरून परत आले तेव्हा मी मिठाई घेऊन त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पाया पडले. पुढे एका सहकारी मुलीने मला म्हटलं, "मॅडम, ती रजा कायद्याने मिळते, त्यात पाया पडण्यासारखं काय आहे?" मला त्या मुलीचा राग आला होता. कृतघ्न वाटली ती मला.

चहाची सुरुवात अशी झाली. एक मुलगी मुलाखतीला आली होती, तिचे हात इतके थरथरत होते की तिच्याकडून काचेचं भांडं फुटलं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू जरा आत ने हिला. चहा पाज. गावाकडच्या मुली मला पाहून घाबरतात, तुझ्याशी बोलतील."

मला तो सन्मान वाटला. मी तिला आत नेलं, चहा ठेवला आणि विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. घरी कोण कोण आहे, आईची तब्येत कशी आहे, भाऊ काय करतो, हे विचारतात. न विचारणं उद्धटपणाचं समजतात. त्यामुळे मी विचारलं आणि तिने सांगितलं. चहा संपेपर्यंत तिचे हात थांबले होते. लग्न ठरलंय, मुलगा पुण्याला असतो, हेही तिने लाजत सांगितलं.

ती गेल्यावर सरांनी विचारलं, "कशी वाटली? टिकेल ना?"

"मुलगी हुशार आहे सर. पण लग्न ठरलंय. पुण्याचा मुलगा आहे."

"हं," सर म्हणाले.

तिला घेतलं नाही. मला वाटलं, भांडं फुटलं म्हणून.

पुढे दर वेळी तसंच होत गेलं. मुलगी आली की मी आत न्यायचे, बाहेर आले की सर विचारायचे, "टिकेल ना?" आणि मी सांगायचे. नवऱ्याची बदलीची नोकरी आहे. सासू अंथरुणाला खिळलेली आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, अजून मूल नाही. हे सगळं मी चांगल्या मनाने सांगत होते, असं मी स्वतःला सांगायचे. काही मुलींना घेतलंही. पण ज्यांनी मला मन मोकळं करून सांगितलं, त्या सहसा परत दिसल्या नाहीत.

एकदा बाहेरच्या बाकावर उमेदवार मुलं बसली होती. मी एका मुलीला आत घेऊन चालले होते, तर त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "मॅडम, पोट्ट्याईनं काय पाप केलं? आम्हाले बी घरचा चहा पाजा नं!"

दुसरा म्हणाला, "तू घरी जाऊन पी. तुह्या मायनं ठेवलाच असन."

सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी स्कूटरवर सिग्नलला थांबले असताना ते वाक्य पुन्हा आठवलं. मुलांना आपण का पाजत नाही चहा? उत्तर लगेच आलं. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे कोणाला जाणून घ्यायचंच नसतं.

म्हणजे त्या संध्याकाळी मला कळलं होतं. मला काही माहीतच नव्हतं, असं मी नंतर पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं, म्हणून हे इथे लिहून ठेवते. कळल्यानंतरही मी चहा करत राहिले.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर पाण्याच्या विभागात एक जागा भरायची होती. माझ्याच हाताखाली. शेवटी दोन नावं उरली, एक मुलगा आणि रामटेकची एक मुलगी. दोघांना काम करून दाखवायला सांगितलं होतं. दोघांचंही ठीक होतं, तिचं जरा जास्त नीट होतं. तिने वापरलेलं सामान धुऊन जागेवर ठेवलं होतं. मला ती आवडली. मी तिला आत नेलं.

का कोण जाणे, तिच्याशी बोलताना माझी घरची बोली तोंडात आली. "बस वं. घरी कोण कोण आहे?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे बाप्पा! ताई, तुम्ही तं आपल्याकडच्याच निघाल्या!"

"नरखेडकडची आहे मी."

"मले वाटलं, मोठ्या मॅडम आहे, आता इंग्रजी झाडतीन. बसमध्ये पूर्ण रस्ताभर पाठ करत आली मी, 'माय सेल्फ' पासून."

आम्ही दोघी हसलो. तिने बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, तिने चमच्याने काढून खाल्लं. मग ती बोलत गेली. नवऱ्याचं गडाच्या पायथ्याशी नारळ-फुलांचं दुकान. यात्रेच्या दिवसांत चालतं, एरवी माश्या मारतात. सासू खमकी आहे, पण चांगली. आणि तिने ओढणी जराशी बाजूला केली. आत कुर्त्याच्या गळ्याखाली मंगळसूत्र सरकवलेलं होतं.

"एक वर्षाची पोरगी आहे माही. सासू म्हणते, तू जाय, लेकराले मी पाहतो. पण दोन ठिकाणी मी खरं सांगितलं, तं 'कळवतो' म्हणले आणि कळवलंच नाही. म्हणून या वेळेस बोललीच नाही मी." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, सरांले सांगू नका हो. मले लागते हे नोकरी."

"नाही वं," मी म्हणाले. "मी कायले सांगू?"

ते म्हणताना मी खरंच बोलत होते.

ती गेली. सर केबिनच्या दारात उभे होते. "काय? टिकेल ना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं. टिकेल. जिने मंगळसूत्र लपवून, बसमध्ये पाठांतर करत नोकरी मागितली होती, ती टिकणारच होती. पण सर विचारत होते, आणि सरांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हणाले, "चांगली मुलगी आहे सर. एक वर्षाची मुलगी आहे तिला, पण सासू सांभाळते."

"तान्हं मूल? आणि रोज रामटेकहून?"

"सासू सांभाळते सर."

"हं."

जागेवर मुलगा रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. सगळे त्याच्याभोवती जमले, मोबाइलवर बाळाचे फोटो पाहिले. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बापमाणूस झालास! आता जबाबदारी वाढली. सहा महिन्यांनी पगाराचं बघू आपण." मुलीला दिवसभर कोण सांभाळतं, हे त्याला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी बर्फीचा तुकडा घेतला आणि छान आहे म्हणाले. बर्फी खरंच ताजी होती. मी दुसराही तुकडा घेतला.

त्याच दिवसांत रामटेकच्या मुलीचा फोन आला. "ताई, काही कळलं का जी?"

"सर कळवतील," मी म्हणाले.

पुन्हा एकदा आला, तेव्हा मी फोन वाजू दिला. मग ती फोन करायची थांबली.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "निर्णय सरांचा होता. तू फक्त खरं सांगितलं." या वाक्यावर मी काही आठवडे काढले.

मग संक्रांतीला गावी गेले. बाबा ओसरीवर मोटार उघडून बसले होते, मी बाजूला भाजी निवडत होते. बाबा म्हणाले, "शेजारच्याची पोरगी बीएस्सी झाली गा. तुह्या सरांले विचारून पाहाय. घेतीन का?"

"लग्न झालं का तिचं?" मी विचारलं.

बाबांनी मान वर केली. "पास झाली का, मार्क किती, हे नाही विचारलं तू. लग्नाचं काय काम हाय त्याच्यात?"

मी खाली पाहून भाजी निवडत राहिले. बाबा पुन्हा तार गुंडाळू लागले आणि आपल्याशीच हसले. "तुह्या वेळेस सरांनं मलेच विचारलं होतं ते. मी दोन-तीन वर्षं म्हणलं. तुह्यासाठी पोरगं पाहणं तं चालूच होतं तवा. खोटंच बोललो मी."

मला हे माहीत नव्हतं. माझी नोकरी बाबांच्या खोट्यावर उभी होती. ज्यांनी मला मीठ विसरू नको म्हणून बजावलं, ते माझ्यासाठी सरांशी सहज खोटं बोलले होते आणि रात्री शांत झोपले होते. आणि मी एका मुलीसाठी नुसतं गप्पसुद्धा राहू शकले नव्हते.

उन्हाळ्यात, पाण्याच्या नमुन्यांची सगळ्यात जास्त गर्दी असताना, तो मुलगा पुण्याला निघून गेला. मोबाइलवर एक निरोप टाकला, बस्स. सर फार चिडले. "कोणी टिकतच नाही आजकाल! बोलाव, दोन-तीन जण बोलाव."

"सर, रामटेकच्या त्या मुलीला बोलावू?"

"तिला लहान मूल आहे ना?"

"यालाही होतं सर."

सर थांबले. मला वाटलं, एवढ्यावर थांबावं. पण थांबता आलं नाही. "सर, मी मुलींना आत नेऊन घरचं सगळं विचारत होते. मुलांना मी कधीच काही विचारलं नाही."

सरांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, खरोखर चकित झाले होते. "मी तुला विचारायला कधी सांगितलं? मी म्हटलं होतं, चहा पाज. बाकीचं तू सांगत गेलीस, मी ऐकत गेलो."

"तुम्ही 'टिकेल ना' विचारायचात सर."

"ते मी मशीन घेतानासुद्धा विचारतो."

इतक्या वर्षांत मला सरांचा असा राग आला नव्हता. ते अर्धंच खरं बोलत होते, हे मला कळत होतं. ते काय ऐकायला थांबलेले असत, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण उरलेलं अर्धं माझं होतं, आणि ते खरं होतं. विचारायला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनातलं ओळखून मी ते आपणहून केलं होतं. उपकार फेडायला माझ्याकडे तेवढंच होतं असं मला वाटलं, आणि त्यासाठी मी दुसऱ्यांच्या घरातलं उचलून देत गेले.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "काम येत होतं ना तिला?"

"येत होतं."

"मग बोलाव. त्यात एवढं काय?"

एवढं सोपं होतं ते. हे सोपं असणंच मला अजून सहन होत नाही. दिवाळीनंतर मी हे बोलले असते तर? कदाचित तेव्हा सर ऐकले नसते. तेव्हा त्यांना माणसाची एवढी गरज नव्हती. पण मी बोलले नव्हते, त्यामुळे ते कळायला आता मार्ग नाही.

मी फोन केला. तिने "कोण?" म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर पलीकडे नुसता एका लेकराचा आवाज येत राहिला, ते काहीतरी वाजवत होतं.

"जागा निघाली आहे," मी म्हणाले.

"ताई, तेव्हा तुम्ही सांगितलं होतं का सरांले?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चहा देणाऱ्या बाईले एवढं कायले पाहिजे, असं घरी जाताना बसमध्येच वाटलं होतं मले. मंग म्हटलं, जाऊ दे, आपल्याकडची आहे, ते काहून सांगन."

मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली. मग म्हणाली, "काम करतो मी. मले गरज आहे. पण आता परत मुलाखत-बिलाखत देणार नाही. एकदा दिली आहे."

सरांनी ते मान्य केलं.

ती रुजू झाली त्या दिवशी मंगळसूत्र ओढणीवर होतं. मी आत चहा ठेवला आणि दाराशी जाऊन हाक मारली. ती हात पुसत म्हणाली, "नको मॅडम. मी थर्मास आणते घरून."

मॅडम. आणि 'आणतो' नाही, 'आणते'. माझ्याशी ती शुद्ध पुस्तकी मराठीत बोलते. बाकी सगळ्यांशी तिची घरची बोली चालते. मी दारातून आत आले की बदलते. कामात कसूर नाही, उद्धटपणा नाही. मुलगी आजारी पडली तेव्हा ती सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली, रजा मागितली आणि घेतली. पाया वगैरे पडली नाही. मला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटायचा मला काही अधिकार नाही असंही वाटलं.

मध्यंतरी पुन्हा एका जागेसाठी मुलाखती होत्या. बाहेरच्या बाकावर दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी घाबरलेली होती, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. सर जाता जाता मला म्हणाले, "चहा पाज जरा."

मी आतल्या खोलीत गेले. आलं ठेचत असताना बाहेरचं ऐकू येत होतं. रामटेकची ती आपलं काम सोडून त्या मुलीजवळ जाऊन बसली होती.

"कायले घाबरतं वं? चहा येईन आता. चांगला असते, बिनधास्त पी. आणि घरचं कोणी विचारलं तं म्हण, सगळे मजेत आहे. बस, एवढंच."

आवाज मुद्दाम मोठा होता का, मला सांगता येणार नाही. खोलीचं दार उघडंच होतं.

मी भांड्यात आणखी पाणी आणि दूध घातलं. चार कप भरले, ट्रे उचलला आणि बाहेर बाकापाशी आणला. आधी दोन्ही मुलग्यांना दिला. ते गोंधळून उभेच राहिले. मग त्या मुलीला दिला. तिला मी काहीच विचारलं नाही. नुसतं "गरम आहे" म्हणाले.

चौथा कप मी रामटेकच्या मुलीपुढे धरला. तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझा झाला मॅडम," ती म्हणाली आणि आपल्या कामाला निघून गेली.

मुलाखती संपेपर्यंत तो कप बाकावर तसाच होता. वर साय धरली होती. संध्याकाळी मी तो आत नेला, ओतून दिला आणि घासून ठेवला.